जिवाणूचे प्रथिन आणि राहिलेली इंजेक्शने

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला आहे. पहिल्या महिन्याच्या केमोनंतर रोग आटोक्यात आल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आता काही महिन्यांच्या खंडानंतर एल-अ‍ॅस्पॅराजिनेजची इंजेक्शने पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या इंजेक्शनानंतर त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टर आता वेगळ्या प्रकारचे, बरेच महाग इंजेक्शन सुचवीत आहेत. हे औषध ई. कोलाय या विष्ठेत सापडणाऱ्या जिवाणूपासून मिळते असे समजल्यापासून घरात घबराट आहे. न्यू जर्सीत राहणारे माझे मेहुणे म्हणतात, की हे पन्नास वर्षांपूर्वीचे औषध आहे. आता जिवाणूंच्या प्रथिनांपासून बनवलेली, फक्त कर्करोगाच्या पेशी मारणारी ‘टार्गेटेड’ औषधे आली आहेत. त्यांनी पाठवलेल्या व्हिडिओत घटसर्पाच्या विषापासून केलेले औषध आणि अ‍ॅझुरिन नावाचे प्रथिन यांचा उल्लेख आहे. राहिलेली इंजेक्शने सोडून नव्या औषधाची वाट पाहावी का? शिवाय माझी आई मुलाला दुधातून शतावरी कल्प देते. शतावरीत कर्करोगाच्या पेशींचे खाद्य असते, असेही त्या व्हिडिओत सांगितले आहे.
— एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : सर्वांत तातडीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. राहिलेली इंजेक्शने सोडू नका आणि कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहत चालू उपचार थांबवू नका. मी तुमच्या मुलाला तपासलेले नाही, त्याचे कागदही पाहिलेले नाहीत, त्यामुळे कोणते इंजेक्शन किती मात्रेत द्यावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही, तो त्याच्या डॉक्टरांचा आहे. मात्र अंगावर गांधी उठल्या म्हणून औषधाचा प्रकार बदलायचा, पण ठरलेला उपचार पूर्ण करायचा, ही त्यांनी धरलेली दिशा जगभरच्या बालकर्करोग विभागांतील रीतीला धरूनच आहे.

मेहुण्यांनी तुमच्यापुढे जुने औषध की नवे, असा जो पेच उभा केला आहे, तो मुळातच चुकीचा आहे. जिवाणूचे प्रथिन घेऊन कर्करोगाच्या पेशींच्या नेमक्या दुबळ्या जागी घाव घालायचा, ही ज्या औषधांमागची कल्पना आहे, त्यांत आजवरचे सर्वांत यशस्वी औषध कोणते असे मला कोणी विचारले, तर मी अ‍ॅस्पॅराजिनेजचेच नाव घेईन. म्हणजे मेहुणे ज्या जातीचे औषध तुमच्या मुलासाठी शोधत आहेत, ते त्याला निदानापासून मिळतेच आहे. फक्त त्याच्या वेष्टनावर ‘टार्गेटेड’ असा शब्द छापलेला नाही, कारण तो शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी हे औषध वापरात आले.

त्याचे काम कसे चालते हे समजले, की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. प्रथिने तयार करण्यासाठी पेशीला वीस प्रकारची अमिनो आम्ले लागतात आणि अ‍ॅस्पॅराजिन हे त्यांपैकी एक आहे. शरीरातल्या बहुतेक निरोगी पेशी हे अमिनो आम्ल गरजेनुसार स्वतः तयार करू शकतात, कारण त्यासाठी लागणारे एन्झाइम त्यांच्याकडे पुरेसे असते. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींत मात्र ते एन्झाइम फार कमी असते, आणि म्हणून या पेशी रक्तातून आयत्या मिळणाऱ्या अ‍ॅस्पॅराजिनवर अवलंबून राहतात. इंजेक्शनातून दिलेले अ‍ॅस्पॅराजिनेज हेही एक एन्झाइमच, पण उलट कामाचे : ते रक्तातले हे अमिनो आम्ल फोडून त्याचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया करून टाकते. किल्ल्याला वेढा घालून रसद तोडावी तसा हा प्रकार आहे : ज्या गडावर स्वतःचे टाके आणि धान्याचे कोठार आहे तो तग धरतो, आणि ज्याचे सगळे खालून येते तो पडतो. वेढा मध्येच उठला तर काय होईल, हे मी वेगळे सांगायला नको.

या औषधाचा शोध कोणी ठरवून लावलेला नाही. 1953 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन किड हे शास्त्रज्ञ उंदरांमधील लिम्फोमावर, म्हणजे लसिका-पेशींच्या कर्करोगावर, प्रतिपिंडांचे प्रयोग करीत होते, आणि त्या प्रतिपिंडांना साहाय्य व्हावे म्हणून सोबत गिनीपिगच्या रक्तातील सीरम देत होते. तुलनेसाठी ज्या उंदरांना नुसते सीरमच दिले होते, त्यांच्याही गाठी विरघळल्याचे त्यांना आढळले. ही करामत गिनीपिगच्या सीरममधील अ‍ॅस्पॅराजिनेजची आहे, हे 1961 मध्ये जॉन ब्रूम यांनी दाखवून दिले. पण औषधापुरते एन्झाइम मिळवायला गिनीपिग किती लागतील, हा प्रश्न उरलाच. त्यातून मार्ग निघाला तो 1964 मध्ये, जेव्हा ई. कोलाय जिवाणूकडेही याच कामाचे एन्झाइम असते आणि तेही गाठींवर परिणाम करते असे आढळले. जिवाणू मोठ्या टाकीत हवे तितके वाढवता येतात. त्यामुळे प्रयोगशाळेतले कुतूहल रुग्णालयातले औषध होऊ शकले. अमेरिकेत त्याला 1978 मध्ये मंजुरी मिळाली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हा आजार झालेल्या मुलांपैकी फारच थोडी वाचत असत. आज सधन देशांत दहापैकी सुमारे नऊ मुले पूर्ण बरी होतात. याचे श्रेय एकट्या अ‍ॅस्पॅराजिनेजचे नाही, स्टेरॉइड, व्हिंक्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट आणि मेंदूभोवतीच्या द्रवात दिल्या जाणाऱ्या औषधांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण अ‍ॅस्पॅराजिनेज वगळून या आजाराचा उपचार आखण्याचे धाडस आज कोणी करणार नाही. पन्नास वर्षे टिकलेले औषध म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहण्याऐवजी इतकी वर्षे ते का टिकले, हे मेहुण्यांनी पाहायला हवे होते.

आता ई. कोलायच्या भीतीविषयी. कुपीत जिवाणू नसतो. जिवाणूपासून वेगळे काढून शुद्ध केलेले एकच प्रथिन त्यात असते, आणि त्यापासून तुमच्या मुलाला ई. कोलायचा संसर्ग होऊ शकत नाही. मधुमेहाच्या असंख्य रुग्णांना मिळणारे मानवी इन्सुलिनही 1982 पासून ई. कोलायमध्ये तयार होत आले आहे, आणि ते टोचून घेताना कोणाला विष्ठेची आठवण होत नाही. या दोहोंत एक फरक मात्र आहे, आणि तुमच्या मुलाला जे झाले त्याचे मूळ त्यातच आहे. ते इन्सुलिन बनवतो जिवाणू, पण ते असते माणसाचे. अ‍ॅस्पॅराजिनेज हे मुळात जिवाणूचेच प्रथिन आहे. रोगप्रतिकारशक्ती त्याला परके म्हणून ओळखते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पहिल्या फेरीत सहसा काही होत नाही, मधल्या काळात शरीराची तयारी होते आणि काही महिन्यांच्या खंडानंतर पुन्हा इंजेक्शन दिले की गांधी, सूज, धाप किंवा रक्तदाब उतरणे असे प्रकार घडतात. तुमच्या पत्रातले वर्णन या क्रमाशी तंतोतंत जुळते. यात तुमची, डॉक्टरांची किंवा परिचारिकेची काही चूक झाली असे समजू नका.

या टप्प्यावर अनेक पालक विचारतात, की अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन आधी देऊन तेच स्वस्त औषध चालू ठेवता येणार नाही का. हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. अ‍ॅलर्जीविरोधी औषधांनी गांधी आणि सूज दबते; मात्र प्रतिपिंडे एन्झाइमला बांधून निकामी करीत असतील, तर ते काम थांबत नाही. म्हणजे बाहेरून सगळे शांत दिसते, इंजेक्शन टोचलेले असते, आणि आत औषधाचा उपयोग मात्र शून्य असतो. कोणतीही लक्षणे न दिसताही काही मुलांत असे घडते. म्हणून शक्य असेल तिथे रक्तातील अ‍ॅस्पॅराजिनेजची सक्रियता मोजतात, आणि ती दर मिलिलिटरला किमान 0.1 युनिट असावी असा सर्वसाधारण संकेत आहे. ही तपासणी सगळीकडे होत नाही, मोठ्या केंद्रांत होते. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती करता येईल का, हे जरूर विचारा.

डॉक्टरांनी सुचवलेले वेगळे इंजेक्शन कोणते, ते तुम्ही लिहिलेले नाही, पण ते दोहोंपैकी एक असणार. पहिले पेगअ‍ॅस्पॅराजिनेज : यात ई. कोलायच्याच एन्झाइमला पॉलिइथिलीन ग्लायकॉल या रसायनाच्या साखळ्या जोडलेल्या असतात, त्यामुळे ते शरीराच्या नजरेला कमी पडते आणि जास्त काळ टिकते. साध्या औषधाची रक्तातील मात्रा सुमारे सव्वा दिवसात निम्मी होते, तर याला साडेपाच-सहा दिवस लागतात. म्हणून इंजेक्शनांची संख्या बरीच कमी होते. दुसरे इर्विनिया या जिवाणूचे अ‍ॅस्पॅराजिनेज. हा जिवाणू वनस्पतींना सडवणारा आहे, त्याचे एन्झाइम काम तेच करते, पण रचनेने इतके वेगळे असते की ई. कोलायच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे त्याला सहसा ओळखत नाहीत. ते लवकर उतरते, म्हणून पेगच्या एका मात्रेऐवजी त्याच्या सहा मात्रा, आठवड्यातून तीनदा, द्याव्या लागतात. ते सर्वत्र सहज मिळत नाही आणि जगभर त्याचा अधूनमधून तुटवडा पडत आला आहे. 2021 मध्ये अमेरिकेत त्याच्या एका नव्या रूपाला मंजुरी मिळाली, जे स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स या तिसऱ्याच जिवाणूत तयार केले जाते. पेगच्या मुळाशी ई. कोलायचेच प्रथिन असल्यामुळे, साध्या औषधाची अ‍ॅलर्जी झालेल्या काही मुलांना त्याचीही होऊ शकते. तेव्हा ‘या दोहोंपैकी कोणते आणि का’ हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे, आणि डॉक्टरांना तो विचारल्याचे वाईट वाटणार नाही. या मुलाला यापुढचे कोणतेही अ‍ॅस्पॅराजिनेज मोठ्या रुग्णालयातच द्यावे आणि नंतर काही तास त्याला नजरेखाली ठेवावे. सांगलीहून जाण्या-येण्याचा त्रास वाचावा म्हणून गावातल्या दवाखान्यात ते टोचून घेऊ नका.

आणि सोडलेच तर? याविषयी अंदाजाने बोलण्याची गरज नाही. बोस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेच्या 1990 च्या दशकातील एका मोठ्या अभ्यासात मुलांना तीस आठवडे अ‍ॅस्पॅराजिनेज देण्याचे ठरले होते. ज्यांना ते किमान 26 आठवडे मिळाले, त्यांच्यापैकी सुमारे 90 टक्के मुले पाच वर्षांनंतर रोग न उलटता जिवंत होती. ज्यांचे 25 किंवा त्याहून कमी आठवड्यांवर थांबवावे लागले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 73 टक्के होते. तुमच्या मुलाचा उपचारक्रम त्या अभ्यासासारखाच असेल असे नाही, आणि ज्यांचे औषध थांबले त्यांची प्रकृती आधीच नाजूक असेल, असा आक्षेपही घेता येतो. पण त्यानंतर अमेरिकेतील बालकर्करोग गटाने हजारो मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, जास्त धोक्याच्या गटातील मुलांमध्ये राहिलेल्या पेग-मात्रा भरून न काढल्यास रोग उलटण्याचे प्रमाण वाढते, हेच दिसले. अ‍ॅलर्जीमुळे थांबलेले औषध दुसऱ्या प्रकाराने भरून काढले, तर तोटा टळतो. तुमचे डॉक्टर महागडा पर्याय सुचवत आहेत तो यासाठी.

किमतीबद्दल तुम्ही संकोचाने एकच विशेषण लिहिले आहे, पण तो विषय संकोचाचा नाही. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या केमोथेरपीचा समावेश आहे. सुचवलेले विशिष्ट इंजेक्शन तुमच्या मंजूर पॅकेजात बसते का आणि बसत नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी किंवा धर्मादाय न्यासांकडून फरक भरून निघेल का, हे त्यांना नेमके ठाऊक असते. उपचारासाठी मुंबईत राहण्याची वेळ आली, तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांची विनामूल्य राहण्याची सोय करते.

स्वस्त पर्यायाच्या शोधात मात्र एका बाबतीत सावध राहा. रासायनिक गोळीची नक्कल करणे तुलनेने सोपे असते. प्रथिनाची नक्कल तशी नसते. ते जिवाणूतून काढताना किती शुद्ध झाले, ते ज्या चार सारख्या घटकांचे बनते ते एकमेकांना धरून राहिले का, प्रवासात ते थंड राहिले का, यावर त्याची ताकद अवलंबून असते. भारतात विकल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पॅराजिनेजच्या ब्रँडांमध्ये ताकदीचा फरक असल्याचे आपल्याकडच्याच डॉक्टरांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. ब्राझीलमध्ये 2017 च्या सुमारास सरकारने नव्या पुरवठादाराचे औषध आणले, तेव्हा प्रयोगशाळांना त्यात जिवाणूची इतर प्रथिनेही आढळली आणि तिथल्या बालकर्करोगतज्ज्ञांनी ते वापरण्याविरुद्ध आवाज उठवला. म्हणून बाहेरच्या दुकानातून ‘तेच, पण अर्ध्या किमतीत’ मिळणारे इंजेक्शन स्वतःहून घेऊ नका. ब्रँड डॉक्टरांना ठरवू द्या. औषध तुम्हालाच न्यावे लागत असेल, तर ते 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये राहील अशा डब्यात न्या, बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठू देऊ नका, आणि वेष्टनावरील बॅच क्रमांक मुलाच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

हे सगळे वाचून अ‍ॅस्पॅराजिनेज निर्धोक आहे असा समज होऊ नये. निशाणा नेमका असला, तरी आजूबाजूला काहीच लागत नाही असे नाही. यकृत आणि स्वादुपिंड सतत प्रथिने तयार करीत असतात, आणि अ‍ॅस्पॅराजिनचा तुटवडा त्यांनाही जाणवतो. रक्त गोठवणारी आणि गोठणे रोखणारी, अशी दोन्ही प्रकारची प्रथिने कमी झाल्याने रक्तस्राव होऊ शकतो आणि गुठळीही होऊ शकते. मुलाच्या पोटात पाठीकडे जाणारी जोराची कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, डोके असह्य दुखू लागले, झटका आला, एका हाता-पायातली शक्ती गेली किंवा हात-पाय सुजला, डोळे पिवळे झाले, तहान आणि लघवी एकाएकी वाढली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा. तापाच्या बाबतीतही हाच नियम आहे. मात्र तो इंजेक्शनातून जिवाणू अंगात गेल्यामुळे आलेला नसतो, तर केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झाल्याने आलेल्या संसर्गामुळे असू शकतो.

आता मेहुण्यांच्या व्हिडिओकडे वळू. त्यात सांगितलेल्या गोष्टी खोट्या नाहीत. त्या तुमच्या मुलाला लागू नाहीत, इतकेच. घटसर्पाचा जिवाणू जे विष तयार करतो, त्याचा शोध एमिल रू आणि अलेक्झांडर येरसँ यांनी 1888 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये लावला. हे विष म्हणजे एक प्रथिनच आहे. त्याचा एक भाग पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो, दुसरा आत शिरण्याची वाट करून देतो आणि तिसरा आत जाऊन पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडतो. प्रयोगांत या तिसऱ्या भागाचा एक रेणू आत पोचला तरी पेशी मेल्याचे दिसले आहे. शास्त्रज्ञांनी यातला चिकटणारा भाग कापून टाकला आणि त्याच्या जागी कर्करोगाच्या पेशीवरच जास्त असलेल्या ग्राहकाला (रिसेप्टरला) धरणारे दुसरे प्रथिन जोडले. कल्पना देखणी आहे यात शंका नाही. त्यातून आलेले पहिले औषध, डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स, 1999 मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका टी-पेशी लिम्फोमासाठी मंजूर झाले, 2014 मध्ये बाजारातून गेले आणि सुधारित रूपात 2024 मध्ये परत आले. दुसरे, टॅग्राक्सोफस्प, 2018 मध्ये मंजूर झाले, आणि मेहुण्यांचा रोख बहुधा त्याकडे असावा, कारण ते दोन वर्षांवरील मुलांनाही देता येते. पण ते बीपीडीसीएन या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिशय दुर्मीळ रक्तकर्करोगासाठी आहे. तुमच्या मुलाचा आजार तो नव्हे. त्या औषधाने केशवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो, त्यामुळे ते फार जपून द्यावे लागते. आणखी एक अडचण आपल्या परिचयाची आहे : लहानपणी त्रिगुणी लस घेतलेल्या प्रत्येकाच्या शरीरात घटसर्पाच्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे असण्याची शक्यता असते, आणि ती औषधालाही अडवू शकतात. जिवाणूचे प्रथिन परके म्हणून ओळखले जाण्याचा जो त्रास तुमच्या मुलाला अ‍ॅस्पॅराजिनेजने झाला, तो या नव्या औषधांनाही चुकलेला नाही.

व्हिडिओत नसलेली, पण तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची एक हकिगत सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आयरा पॅस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्यूडोमोनास जिवाणूच्या विषाला सीडी-22 नावाच्या खुणेला धरणारा प्रतिपिंडाचा तुकडा जोडला. ही खूण बी-पेशींच्या ल्युकेमियात आढळते, आणि मुलांमधील लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया बहुतेक वेळा याच प्रकारचा असतो. म्हणजे कागदावर हे औषध तुमच्या मुलासारख्यांसाठीच होते. रोग पुन्हा उलटलेल्या मुलांवर त्याची चाचणी झाली, काहींना उपयोगही झाला, पण मधल्या आढाव्यात अपेक्षित यश दिसले नाही आणि दुसऱ्या टप्प्यावर ती चाचणी थांबवली गेली. त्याच औषधाला 2018 मध्ये हेअरी सेल ल्युकेमिया या प्रौढांच्या आजारासाठी मंजुरी मिळाली, आणि 2023 मध्ये उत्पादकाने ते अमेरिकी बाजारातून मागे घेतले. ‘मंजुरी मिळाली’ आणि ‘मुलाला मिळेल’ या दोन वाक्यांत केवढे अंतर असते, ते यावरून दिसावे.

अ‍ॅझुरिनविषयी माझ्या मनात कौतुक आहे, कारण त्यामागे आनंद मोहन चक्रवर्ती होते. तेल खाणाऱ्या जिवाणूच्या पेटंटसाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 1980 मध्ये जिंकलेले, बंगालमधून शिकागोला गेलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. अ‍ॅझुरिन हे स्यूडोमोनास एरुजिनोसाचे तांबे धारण करणारे प्रथिन. त्याचा 28 अमिनो आम्लांचा एक तुकडा कर्करोगाच्या पेशींत जास्त शिरतो आणि पी-53 या पेशीच्या रखवालदार प्रथिनाचा नाश रोखतो, असे त्यांच्या गटाने दाखवले. त्याची पहिल्या टप्प्याची चाचणी 15 प्रौढ रुग्णांवर झाली, त्यांत औषध सहन झाले आणि काहींच्या गाठी आकसल्या. मेंदूच्या गाठी असलेल्या मुलांवरही एक छोटी चाचणी झाली. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध सुरक्षित आहे का, एवढेच पाहतात. चक्रवर्ती 2020 मध्ये गेले, आणि त्या तुकड्याचे मंजूर औषध अजून झालेले नाही. 2023 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ फेंग झांग यांच्या गटाने फोटोरॅब्डस जिवाणूची सुईसारखी प्रथिनयंत्रणा बदलून तिच्याकरवी ठरावीक पेशींत हवे ते प्रथिन टोचून दाखवले. तेही सध्या प्रयोगशाळेपुरतेच आहे.

तुमच्या मुलासाठी पहिल्या उपचाराने रोग आटोक्यात आलेला असणे हीच सर्वांत जमेची बाजू आहे. रोग उलटला किंवा हटेनासा झाला, तरच सहसा नव्या औषधांचा विचार होतो, आणि त्या वेळीही आज पुढे असतात ती ब्लिनाट्युमोमॅबसारखी प्रतिपिंडांपासून केलेली औषधे आणि कार-टी पेशी, म्हणजे कर्करोगावर हल्ला करण्यासाठी बदललेल्या रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी. जिवाणूंच्या विषांची औषधे नव्हेत. ब्लिनाट्युमोमॅब आता काही देशांत पहिल्या उपचारातही जोडले जाऊ लागले आहे, त्याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोला. कोणी चाचणीत सहभागी करून घेण्याचे सांगत असेल, तर भारतातील क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिचा नोंदणी क्रमांक तपासा, संमतिपत्र मराठीत मागा, आणि प्रायोगिक औषधासाठी पैसे मागितले, तर तिथून सरळ उठून या. दुसरे मत हवे असेल, तर नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातील एखाद्या केंद्रात मुलाची फाइल दाखवा. मात्र ते मत येईपर्यंत इंजेक्शनाची तारीख पुढे ढकलू नका.

राहिली शतावरी. अ‍ॅस्पॅराजिन पहिल्यांदा वेगळे काढले गेले ते 1806 मध्ये फ्रान्समध्ये, शतावरीच्याच कुळातील अ‍ॅस्पॅरॅगस या भाजीच्या रसातून, आणि 2018 मध्ये उंदरांवरील एका अभ्यासानंतर ती भाजी खाऊ नका अशा बातम्या जगभर पसरल्या. व्हिडिओतल्या विधानाचा उगम तोच असावा. पण अ‍ॅस्पॅराजिन डाळी, दूध, अंडी, बटाटे अशा जवळजवळ सगळ्याच अन्नांत असते आणि शरीर ते स्वतःही बनवते, त्यामुळे पथ्य पाळून ते रक्तातून घालवता येत नाही. ते काम इंजेक्शनच करते, आणि मुलाची डाळ, दूध तोडून फक्त त्याचे वजन घटेल. शतावरी कल्प मात्र सध्या बंद ठेवावा असे मी सुचवीन, आणि त्याचे कारण अ‍ॅस्पॅराजिन नव्हे. या टप्प्यावर मुलाच्या यकृतावर आणि रक्तातील साखरेवर औषधांचा ताण आहे, कल्पात साखर भरपूर असते, आणि उद्या यकृताच्या तपासणीत काही वाढलेले दिसले, तर ते कशामुळे वाढले हे डॉक्टरांना ओळखता आले पाहिजे. आईंना तसे सांगा, आणि आजवर तो किती दिवस आणि किती प्रमाणात दिला, ते पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. कल्पाची बरणीही सोबत न्या, म्हणजे तिच्यावर छापलेले घटक त्यांना वाचता येतील.